मौजे कोथरूड, तालुका हवेली

कोथरूडमध्ये माणसाची ज्येष्ठता वयावरून ठरत नाही, ती ‘तुम्ही इथं कधी आलात?’ या प्रश्नाच्या उत्तरावरून ठरते. संध्याकाळी बागेतल्या बाकांवर या विषयाची रोज स्पर्धा भरते. तिचं घोषवाक्यही ठरलेलं आहे: ‘आम्ही आलो तेव्हा इथं काहीच नव्हतं!’ २००० साली आलेला माणूस सांगतो की तेव्हा इथं एकही धड हॉटेल नव्हतं. त्याला ९० सालवाले मध्येच तोडतात, ‘हॉटेलचं काय घेऊन बसलात? डेक्कनवर कोथरूड म्हटलं की रिक्षावाला मान फिरवायचा.’ त्यावर ८० सालवाले हसतात. ‘मान फिरवायला का होईना, तुम्हाला रिक्षावाला भेटत तरी होता. आम्ही स्टँडला उतरून चपला हातात घेऊन चिखलातून घरी जायचो.’ मग एक ७२ सालचे गृहस्थ घसा खाकरतात आणि सगळे गप्प होतात, कारण आता साप निघणार हे सगळ्यांना ठाऊक असतं. कोथरूडच्या प्रत्येक जुन्या रहिवाशाच्या आठवणीत एक साप आहे, आणि साल जितकं जुनं तितका साप लांब. ७२ सालचा साप न्हाणीघराच्या खिडकीतून आत आला तेव्हा त्याची शेपटी म्हणे अजून कुंपणाबाहेरच होती.

मीही या स्पर्धेत खेळतो, पण मधल्या फळीत. माझ्या खात्यावर फार तर एक विंचू आणि उन्हाळ्यातला पाण्याचा टँकर. शिवाय या खेळात एक संघ कधी उतरतच नाही. गावठाणातलं कुणी या बाकांवर बसत नाही, आणि बसलं तरी बोलत नाही. ‘कधी आलात?’ या प्रश्नाला त्यांच्याकडे साल नाही. ते आलेच नाहीत, ते होतेच. आणि आम्ही रोज संध्याकाळी त्यांच्या देखत एकमेकांना पटवत असतो, की इथं काहीच नव्हतं.

हे असंच चालू राहिलं असतं, पण आमच्या सोसायटीला पुनर्विकासाचे डोहाळे लागले. सध्या कोथरूडात ही साथच आहे. ऐंशीच्या दशकातली चार मजली, बिनलिफ्टची इमारत पाडायची आणि तिथं बारा-चौदा मजले उभे करायचे. रहिवाशांचे गुडघे आणि गच्चीवरची टाकी एकाच सुमाराला निकामी व्हायला लागली की हा विचार मनात येतोच. सर्वसाधारण सभा झाली, चहा झाला, वेफर्स झाले, तत्त्व म्हणून विरोध करणाऱ्या दोघांचा विरोध इतिवृत्तात नोंदवून झाला. मग वकिलांनी विचारलं, ‘जमीन कुणाच्या नावावर आहे?’

‘सोसायटीच्या!’ आम्ही एका सुरात म्हणालो. एरवी आमच्या सभेत एकच सूर असा कधी लागत नाही.

वकिलांनी उतारा पुढं केला. त्यावर गावठाणातल्या एका कुटुंबाची नावं होती आणि निम्म्या नावांपुढं ‘मयत’ असा शेरा. १९६३च्या ‘मोफा’ कायद्यानुसार सोसायटीची नोंदणी झाल्यावर चार महिन्यांत बिल्डरनं जमीन सोसायटीच्या नावे करून द्यायची असते. आमच्या बिल्डरनं ती दिली नव्हती, आणि सभासद पार्किंगच्या भांडणात इतके रंगले होते की मागायला कुणाला सवड झाली नव्हती. पुण्या-मुंबईत हे इतक्या सोसायट्यांचं झालं आहे, की सरकारला २००८ साली ‘मानीव अभिहस्तांतरण’ नावाची तरतूद करावी लागली. हे नाव न अडखळता उच्चारता आलं की निम्मं काम झालं म्हणायचं. उरलेलं निम्मं असं, की बिल्डर आला नाही, मूळ मालक आले नाहीत, तरी जिल्हा उपनिबंधक जमीन तुमच्या नावे करून देऊ शकतात, मात्र त्याआधी मूळ मालकांना नोटिसा जाव्या लागतात, आणि ते मयत असतील तर वारस शोधावे लागतात. थोडक्यात, ज्या गावात काहीच नव्हतं, त्या गावातल्या माणसांचे पत्ते विचारत हिंडायची पाळी आमच्यावर आली.

कागदपत्रांचं गाठोडं माझ्याकडे आलं, कारण मी निवृत्त, आणि माझा चष्मा नवीन. फ्लॅटचा करारनामा आपण जिवापाड जपतो, बँकेकडे गहाण टाकतो, सोडवून आणून कपाटात ठेवतो, फक्त वाचत नाही. त्याच्या शेवटी मिळकतीचं वर्णन असतं आणि तिथून गाव सुरू होतं. ‘तुकडी पुणे, पोटतुकडी तालुका हवेली, मौजे कोथरूड येथील स. नं. अमुक, हिस्सा नं. तमुक...’ माझ्या दारावरच्या पाटीवर पुणे ४११०३८ असलं, तरी सरकारच्या लेखी मी मौजे कोथरूडचा, तालुका हवेलीचा. दस्त नोंदवायला जातो तेही ‘दुय्यम निबंधक, हवेली’ यांच्याचकडे. महानगरपालिका आली, उड्डाणपूल आले, मेट्रो आली. दस्तातलं गाव कुणी हलवलेलं नाही.

पुढं चतुःसीमा. पूर्वेस ओढा, दक्षिणेस गाडीवाट, पश्चिमेस भाऊबंदांची जमीन. दक्षिणेच्या गाडीवाटेवर आज दोन बँका, तीन औषधांची दुकानं आणि एक केक शॉप आहे. पूर्वेचा ओढा सिमेंटच्या पाइपात घातला आहे. जोराचा पाऊस झाला की तो पाइप सोडून आमच्या पार्किंगमध्ये येतो आणि चतुःसीमा बरोबर असल्याचं दाखवून जातो.

सगळ्यात रस आहे तो सातबाऱ्यात. गाव नमुना सातमध्ये मालक कोण ते लिहितात, बारामध्ये पीक काय ते. माझ्या दिवाणखान्याच्या जागी एकेकाळी ज्वारी होती. पुढं हरभरा. नंतर काही वर्षं ‘गवतपड’. ‘इतर हक्क’ या रकान्यात एका विहिरीतला सामाईक हिस्सा आणि विकास सोसायटीच्या कर्जाचा बोजा. आणि मग फेरफार. वडील वारले, वारस लागले. भावाभावांत वाटप झालं. बहिणींनी प्रेमापोटी हक्क सोडला, निदान कागदावर तरी प्रेमापोटीच. १९७६च्या कमाल जमीन धारणा कायद्याचा शेरा पडला. बिल्डरला कुलमुखत्यारपत्र दिलं गेलं. शेवटी ‘बिनशेती’ एवढाच शेरा, आणि गोष्ट संपली. तीन पिढ्यांचे जन्म, मृत्यू, रुसवे, कर्ज आणि पाणी यांचा एवढा आटोपशीर इतिहास मी दुसरीकडे वाचलेला नाही. तलाठ्याला पाल्हाळ परवडत नाही.

क्षेत्राच्या रकान्याखाली एक शब्द मात्र मला खटकत होता: ‘पोटखराबा’. लागवडीला निरुपयोगी जमीन. मी तो तिथं काहीतरी किरकोळ दोन-चार आर असेल म्हणून सोडून दिला आणि गावठाणाकडे निघालो.

कर्वे पुतळ्याच्या परिसरात मुख्य रस्ता सोडून आत वळलं की कोथरूडचा नकाशा बदलतो. गल्ल्या निमुळत्या होतात, घरांची दारं थेट रस्त्यावर उघडतात आणि पत्ता विचारायला फ्लॅट नंबर लागत नाही. पिठाच्या गिरणीत मी उताऱ्यावरचं नाव वाचून दाखवलं. गिरणीवाल्यानं पीठ झटकत विचारलं, ‘थोरल्याचे पायजेत का धाकल्याचे?’ आमच्या इमारतीत कुरिअरवाल्यानं आडनाव सांगितलं तर आम्ही त्याला ‘नावावरून नाही कळणार’ म्हणून परत पाठवतो.

थोरल्याच्या घरातले आजोबा ओट्यावर खुर्ची टाकून बसले होते. पांढरा पायजमा, पांढरी टोपी. मागं तीन मजली घर, वरच्या दोन मजल्यांवर आयटीतली मुलं भाडेकरू. गोठ्याच्या जागी एक बुलेट आणि एक पांढरी मोठी गाडी बांधलेली. नोटिशीचं काम मी जरा घाबरतच काढलं, पण आजोबांना तिचं काही वाटलं नाही. ते माझ्यापेक्षा जास्त कोर्टकचेऱ्या करून बसले होते.

‘तुमची बिल्डिंग कंची?’ त्यांनी विचारलं. मी सांगितली. त्यांनी डोळे बारीक केले आणि मनातल्या मनात मधली सगळी बांधकामं पाडून बघितलं.

‘म्हंजी वड्याकडंची. आवं, ते पोटखराब! खाली समदा कातळ. तितं कुसळाबिगर काय येत नव्हतं. म्हनून तर आमच्या बानं पयलं तेवढंच इकलं.’

निम्मी नोकरी ज्या जागेच्या हप्त्यांत गेली, तिच्याविषयी असं ऐकायला माणूस तयार नसतो. मी चिकाटीनं विचारलं, ‘पण आजोबा, सातबाऱ्यावर ज्वारी लावलेली दिसते?’

‘कागदावं आसती. तलाठी काय बगाया येतुय व्हय?’

माझ्या दिवाणखान्यातली ज्वारी अशी उभी कापली गेली. मग चांगली जमीन कुठं होती? तर खाली, कालव्याच्या पाण्यावर. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी खडकवासल्याला धरण बांधलं आणि त्यातून दोन कालवे काढले. उजवा कालवा पर्वतीच्या पायथ्यानं हडपसरकडे गेला आणि अजून वाहतो. डावा इकडच्या अंगानं आला. त्याच्या जागी आज कर्वेनगरात कॅनॉल रोड आहे. पाणी थांबलं, वाहतूक वाहते, तीही आवर्तनासारखी, सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा.

चहा आला. आजोबा बोलत राहिले आणि आमच्या ‘काहीच नव्हतं’मध्ये काय काय होतं ते हळूहळू भरत गेलं. ग्रामदैवत म्हातोबा होता, चैत्रातला त्याचा उत्सव होता. ज्या म्हातोबा टेकडीवर आम्ही ट्रॅकसूट घालून ऑक्सिजन घ्यायला जातो, ती त्यांच्या गुरांची चराई होती. पेशवाईतलं मृत्युंजयेश्वराचं देऊळ होतं, पौड फाट्यावरचा दशभुजा गणपती होता. विहिरी होत्या, त्यांच्या पाळ्या होत्या, पाळ्यांवरून भांडणं होती. आळ्या होत्या, तालीम होती. पौडकडून मुळशीतला तांदूळ याच वाटेनं पुण्याच्या बाजाराला जायचा. साप मात्र त्यांनी एकदाही काढला नाही. मीच शेवटी विचारलं. ‘साप? व्हते की. त्येंचं रानच व्हतं ते,’ आजोबा म्हणाले, आणि विषय संपला.

‘आम्ही लोक आलो तेव्हा तुम्हाला कसं वाटलं?’

‘ब्येस वाटलं. दूध खपाय लागलं.’

‘मग?’

‘मग तुमच्यातल्याच कुनीतरी आर्ज केला, गोठ्याचा वास येतो म्हनून. मग म्हशी इकल्या.’

हे त्यांनी तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही. फेरफाराच्या भाषेत सांगितलं.

खरं म्हणजे ‘इथं काही नाही’ म्हणून मुद्दाम इकडे आलेला एक माणूस इतिहासात आहे, आणि बाकावर बसायचा पहिला हक्क त्याचा होता. धोंडो केशव ऊर्फ अण्णा कर्व्यांनी १८९६ साली अनाथ बालिकाश्रम काढला. विधवांना शिकवणं शहराच्या पचनी पडत नव्हतं, शिकवणाऱ्यानं स्वतः १८९३ साली विधवेशी लग्न केलेलं, त्यात प्लेगची साथ. १९०० साली कर्व्यांनी आश्रम कोथरूडच्या शेजारच्या हिंगण्याच्या माळावर हलवला. रावबहादूर गणेश गोविंद गोखल्यांनी दिलेली जमीन आणि तिच्यावर एक झोपडी. दिवसा फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवायचं आणि संध्याकाळी सामानसुमान घेऊन चिखल तुडवत हिंगण्याला चालत जायचं, हा त्यांचा क्रम. त्या वाटेवर अण्णांना साप भेटले नसतील असं नाही, पण ते सांगत बसायला त्यांना सवड नव्हती. १९१६ साली याच हिंगण्यात भारतातलं पहिलं महिला विद्यापीठ सुरू झालं. १९५८ साली त्यांना भारतरत्न मिळालं आणि १९६२ साली एकशे चार वर्षांचे होऊन ते गेले.

हिंगणे बुद्रुकचं आता कर्वेनगर झालं आहे. संस्थेनं ती पहिली झोपडी जपली आहे, भोवतालचा माळ जपणं कुणाच्या हातात नव्हतं. शहराला जे काम आपल्या दारात नको होतं, त्याला गावानं माळ दिला. आता त्या कामाच्या पुण्याईवर तिथले दलाल भाव सांगताना म्हणतात, ‘मॅडम, शाळा-कॉलेजं सगळी चालत्या अंतरावर!’

अण्णांच्या मागून यायला पेठांना साठेक वर्षं लागली. पुलाच्या अलीकडचा पुणेकर नदी ओलांडायला नाखूश असतो. पण १२ जुलै १९६१ला पानशेतचं धरण फुटलं आणि नदीनंच त्याला ओलांडलं. काठचे वाडे गेले. उरलेल्या वाड्यांत भाडेकरू वाढले, वाटण्या वाढल्या, संडासापुढची रांग वाढली. मग पुणे ३०मधली मुलं लग्न झाल्यावर एकेक करून पुणे ३८मध्ये यायला लागली. आईवडील पाठवणी करताना डोळे पुसत, कारण सदाशिव पेठेच्या भूगोलात कोथरूडच्या पुढचं स्टेशन मुळशी आणि त्याच्या पुढं अरबी समुद्र. बघता बघता कोथरूड इतकं फुगलं, की नव्वदच्या दशकात ते ‘आशियातलं सर्वांत झपाट्यानं वाढणारं उपनगर’ असल्याचं जो तो छाती फुगवून सांगू लागला. आशियात मोजणी कुणी केली, हे विचारण्याइतका वेळ कुणालाच नव्हता. सगळे ताबा मिळायची वाट बघत होते.

या वाढीत गावाचं नाव कुठं गेलं याची गंमत पाहायची तर मेट्रोत बसावं. ६ मार्च २०२२ला कोथरूडकडून पहिली मेट्रो धावली. तेव्हा स्थानकं पाच: वनाज, आनंदनगर, आयडियल कॉलनी, नळ स्टॉप, गरवारे कॉलेज. यात एक कारखाना आहे, एक नगर, एक कॉलनी, एक नळ आणि एक महाविद्यालय. कोथरूड नाही. गॅसचे रेग्युलेटर करणाऱ्या कारखान्याचं नाव शेवटच्या स्थानकाला मिळालं आणि शेकडो वर्षांच्या गावाला रुळाखालचं स्थान.

पेठांनी अर्थात कोथरूडकडे बघून नाक मुरडायचं कारण नाही. पुणं तरी काय होतं? आठव्या शतकातल्या राष्ट्रकूटांच्या ताम्रपटांत ‘पुण्य’ आणि ‘पूनक’ असा या मुलखाचा उल्लेख येतो, म्हणजे आजोबांच्या भाषेत बोलायचं तर उतारा जुना आहे. पण १६३०च्या सुमाराला आदिलशाहीच्या मुरार जगदेवानं कसबा पुणं जाळून त्यावर गाढवांचा नांगर फिरवला. त्यानंतर जिजाबाई बाळ शिवाजीला घेऊन इथं राहायला आल्या तेव्हा ‘इथं काहीच नव्हतं’ हे वाक्य पुण्याच्या इतिहासात बहुधा एकदाच खरं ठरलं असेल. पुढं पेठा वसल्या त्याही आपोआप नव्हेत. सावकार, कारागीर, उदमी यांना बोलावून, करात सूट देऊन त्या वसवाव्या लागल्या. आजची जाहिरात ‘स्टॅम्प ड्युटी फ्री’ म्हणते, एवढाच फरक. पेठेतल्या वाड्याचा अभिमान मिरवणाऱ्याचे खापरपणजोबाही अशाच कुठल्या तरी योजनेत आले आणि त्यांनीही कसब्यातल्या जुन्या माणसांना सांगितलं असणार, की इकडं नुसतं रान होतं.

म्हणजे ज्याला त्याला आपल्या येण्यापासून जगाची सुरुवात मोजायची असते. ‘काहीच नव्हतं’ याचा अर्थ ‘माझं काही नव्हतं’ एवढाच. ते बोलायला निरुपद्रवी आहे. हिशेबात मात्र तसं राहत नाही. काहीच नाही अशी जागा स्वस्तात मिळते, आणि स्वस्तात घेतल्याचं मनाला लागत नाही.

हिशेब गुंठ्यांत चालतो. चाळीस गुंठ्यांचा एकर, एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. शेतकऱ्यानं एकर विकला तो गुंठ्याच्या भावानं, बिल्डरनं गुंठा विकला तो चौरस फुटाच्या भावानं. एकर आणि फूट यांच्यामधल्या भागाकारात पुण्यातली बरीच श्रीमंती झाली. ज्यांच्या हातात एकदम पैसा आला त्यांना आम्ही ‘गुंठामंत्री’ म्हणून हसलो. गळ्यातली साखळी, गाडीवरची नंबरप्लेट, लग्नातलं हेलिकॉप्टर, सगळ्याला हसलो. साखळी मोडल्यावर काय झालं ते बघायला थांबलो नाही. २०१८ साली ‘मुळशी पॅटर्न’ चित्रपट आला तेव्हा जमीन विकून बसलेल्या शेतकऱ्याचं आणि गुन्हेगारीत गेलेल्या त्याच्या पोराचं काय होतं ते मल्टिप्लेक्सच्या गार खुर्चीत बसून पाहिलं आणि बाहेर येऊन गाडी काढताना तिथल्या वॉचमनला ‘ए दादा, जरा बघ रे मागं’ म्हणालो. तो मुळशीचाच होता.

गाव शहर झालं हे ओळखायची माझी खूण कचऱ्याची आहे. पौड रस्त्याच्या बाजूला एकेकाळी शहराचा कचरा डेपो होता, कारण शहराच्या दृष्टीनं तिथं काहीच नव्हतं. मग तिथं मतदार राहायला आले आणि कचऱ्याला वास यायला लागला. तो उरुळी देवाची आणि फुरसुंगीकडे गेला, कारण आता तिथं काही नव्हतं. कोथरूडच्या डेपोच्या जागी मेट्रोचा डेपो झाला. २०१७ साली पालिकेत अकरा गावं आली त्यात उरुळी आणि फुरसुंगीही होती. २०२१ साली सूस, म्हाळुंगे, बावधन बुद्रुक, वाघोली अशी आणखी तेवीस आली आणि पुणे राज्यातली सर्वांत मोठ्या क्षेत्रफळाची महापालिका ठरली. उरुळी-फुरसुंगीची मात्र शहरात राहून हौस फिटली. २०२४ साली ती पालिकेतून बाहेर पडली आणि त्यांनी आपली वेगळी नगर परिषद करून घेतली. ज्यानं शहराचा कचरा आधी पाहिला, त्याला शहराचं कौतुक जरा कमीच वाटणार.

आणि कोथरूडकर? तो आता कोथरूडला कंटाळला आहे. फार गर्दी झाली म्हणतो. चांदणी चौकातला जुना पूल ऑक्टोबर २०२२मध्ये स्फोटकं लावून पाडला, नवे रस्ते झाले, तेव्हापासून तो शनिवारी सकाळी मुळशीकडे पळतो. तिथं त्यानं टेकडीच्या उतारावर पाच-सहा गुंठे घेतलेत. सोमवारी जिन्यात भेटला की डोळे चमकवत सांगतो, ‘एकदा याच तुम्ही. इतकं शांत! काही म्हणजे काही नाही तिथं!’ मी विचारलं, ‘पोटखराबा आहे का पाहिलंत?’ त्याला वाटलं मी जळतो.

यथावकाश आमचा आदेश झाला. आजोबांच्या घरातल्यांनी हरकत घेतली नाही. ओढ्याकडच्या कातळावर हक्क सांगायला त्यांना कमीपणा वाटला असावा. जमीन पोटखराब्यासकट सोसायटीच्या नावे झाली आणि त्या दिवसापासून आम्ही जमीनदार झालो. लगेच सगळी लक्षणं दिसू लागली. बिल्डरलोक आम्हाला ‘काका’ म्हणू लागले. पेढे आले. कुणाला किती जादा फूट, कुणाला कुठलं पार्किंग यावरून भाऊबंदकी माजली. परदेशातल्या मुलांनी इतकी वर्षं विचारला नव्हता तो आईच्या फ्लॅटचा कार्पेट एरिया फोन करून विचारला. दोन बहिणींच्या हक्कसोडपत्राचा मसुदा मीच मोबाइलवर वाचला. त्यातही ‘प्रेमापोटी’ होतं.

नकाशाही मंजूर झाला आहे. जुने सभासद खालच्या चार मजल्यांवर, वरचे सगळे मजले बिल्डर नव्यांना विकणार. म्हणजे खाली गावठाण आणि वर शहर. वरचे लोक येतील तेव्हा त्यांच्यासाठी वेगळी लिफ्ट असेल, वेगळा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप असेल, आणि खालच्यांच्या फोडणीचा वास वर येतो म्हणून त्यांच्यातलंच कुणीतरी अर्ज करील. आम्ही मूळ रहिवासी म्हणून प्रवेशद्वाराशी खुर्च्या टाकून बसू, आणि कुणी नाव घेऊन पत्ता विचारत आलं तर ‘थोरल्याचे पायजेत का धाकल्याचे?’ असं विचारू.

तयारी आतापासूनच हवी म्हणून मी सभेत ठराव मांडला, की इमारत पाडण्यापूर्वी सगळ्या सभासदांची, त्यांच्या मुलाबाळांची, मूळ गावांची एक वही करावी. निदान एकमेकांची माहिती तरी हवी. ठराव एकमतानं मंजूर झाला. फक्त सूचक म्हणून माझं नाव लिहिताना सेक्रेटरींनी वर पाहिलं आणि अगदी आदबीनं विचारलं, ‘सर, आपण कुठल्या मजल्यावर?’